पाइकसाठी मऊ धागा

मासेमारीच्या सामानाच्या दुकानात शिरण्याआधी सुखदेव गजभिये यांनी कोटाच्या कॉलरवरची धम्मचक्राची पितळी पिन काढून खिशात टाकली. दुकान वॉटफर्डच्या रस्त्याला होतं. लंडनच्या पिनर-हॅरोकडचं, म्हणजे त्यांच्या घराकडचं, ओळखीचं कोणी तिथे भेटण्याचं काही कारण नव्हतं. तरी पिन काढल्याशिवाय त्यांचा पाय आत पडेना. हॅरोमध्ये दर रविवारी एक हॉल भाड्याने घेऊन बुद्धवंदना होते, तिचे ते गेली कित्येक वर्षं सेक्रेटरी. समोर बसलेल्या लहानथोरांकडून पंचशील म्हणवून घेणारा आवाज त्यांचाच. त्यातलं पहिलंच शील प्राणिमात्राची हत्या न करण्याचं. आणि तोच माणूस आज मासा धरायची दोरी विकत घ्यायला आला होता, कारण दुसरा कोणताही उपाय आता त्यांना सुचत नव्हता.

त्यांचा एकुलता एक मुलगा विक्रांत ब्रिस्टलच्या एका सेकंडरी स्कूलमध्ये सायन्स शिकवायचा. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी तो नेहमीसारखा शाळेपर्यंत गेला, कार पार्कमध्ये गाडी लावली आणि गाडीतून उतरूच शकला नाही. दुपारपर्यंत तो तसाच स्टिअरिंग धरून बसला होता. शेवटी शाळेतून पिनरला फोन आला. सुखदेव आणि चंदाबाई जाऊन त्याला घरी घेऊन आले. तेव्हापासून तो वरच्या मागच्या खोलीत होता. जीपीने, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरने, डिप्रेशनचं निदान केलं, गोळ्या दिल्या, आणि बोलून उपचार करणाऱ्या माणसासाठी त्याचं नाव यादीत घातलं. ती यादी काही पुढे सरकेना. पडदे कायम ओढलेले असायचे. जेवणाचं ताट दाराशी ठेवायचं आणि अर्धंमुर्धं खाल्लेलं परत उचलायचं. सुरुवातीला तो ‘हो’, ‘नाही’, ‘नंतर’ एवढं तरी बोलायचा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास तेही थांबलं.

चंदाबाईंनी घरातल्या सगळ्या गोळ्या, अगदी स्वतःच्या गुडघेदुखीच्यासुद्धा, आपल्या कपाटात कुलपात ठेवल्या होत्या. विक्रांत आंघोळीला गेलेला असताना सुखदेवांनी त्याच्या दाराची आतली कडी स्क्रू काढून उतरवली होती. यातल्या कशाबद्दलही नवराबायको एकमेकांशी चकार शब्द बोलले नव्हते. एकाने केलेलं दुसऱ्याला दिसत होतं, एवढंच.

अधूनमधून एक नर्स घरी यायची. जाताना तिने एकदा दारात उभं राहून विचारलं, याला पूर्वी कशात रमायला आवडायचं? चंदाबाईंनी क्रिकेटचं नाव घेतलं, मग पुस्तकांचं.  खरं उत्तर सुखदेवांना माहीत होतं, आणि त्या उत्तराशी त्यांचंच भांडण होतं.

विक्रांतला शाळेत असतानाच मासेमारीचा नाद लागला. आधी मित्राबरोबर ग्रँड युनियन कॅनॉलच्या काठावर बसायचा. पुढे साधा गळ सोडून त्याने फ्लाय फिशिंग धरलं, आणि त्यातही लोक ज्याच्यासाठी जातात तो ट्राउट सोडून पाइकच्या मागे लागला. पाइक म्हणजे इथल्या गोड्या पाण्यातला लांडगाच. हिरवट अंगावर फिकट ठिपके, बदकाच्या चोचीसारखं चपटं तोंड, आणि आत घशाकडे वळलेल्या दातांच्या रांगाच रांगा. त्याच्यासाठी पिसांचा आणि चमकत्या तंतूंचा वीतभर खोटा मासा विक्रांत स्वतः हुकावर बांधायचा. त्यालाच फ्लाय म्हणायचं. पकडलेला प्रत्येक मासा तो परत पाण्यात सोडायचा.

हे हॉलवर कळायला वेळ लागला नाही. नंदू मेश्राम म्हणजे सुखदेवांचा नागपूरपासूनचा दोस्त, जिभेला हाड नसलेला. चहाच्या वेळी सगळ्यांदेखत त्याने विचारलं, "काय सेक्रेटरीसाहेब, पहिलं शील तुमच्याकडे फक्त रविवारपुरतंच आहे का? बाकीचे सहा दिवस पोरगा गळ टाकून बसतो म्हणे." सगळे हसले. सुखदेवही हसले. त्या रात्रीच्या जेवणात मात्र त्यांनी विक्रांतला धारेवर धरलं. खाण्यासाठी मारणारा निदान पोटासाठी मारतो, तू तर गंमत म्हणून छळतोस, तोंडात लोखंड रुतवायचं आणि मग सोडून दिलं म्हणून स्वतःला दयाळू म्हणवायचं, असं बरंच काही ते बोलले. विक्रांत ताटाकडे बघत राहिला. त्यानंतर घरात तो विषय पुन्हा निघाला नाही. रॉड गराजमध्ये गेला. बापलेकांचं बोलणं हळूहळू हवा आणि ट्रेनच्या वेळा यांवर येऊन ठेपलं, आणि पोरगा ब्रिस्टलला गेल्यावर तेही फोन आईकडे देईपर्यंतच चालायचं.

आता सुखदेवांनी गराजमधून तो रॉड काढला होता. सोबत फ्लाय ठेवलेला चपटा डबाही सापडला. पण रीळवरची दोरी इतक्या वर्षांत तडकून चिकट झाली होती. नवी घालायची, रॉड पूर्ण जोडून तयार करायचा आणि पोराच्या दाराशी उभा करायचा, असा त्यांचा बेत होता. तो बघून तो उठेल. उठून चिडला तरी चालेल.

दुकानदार अघळपघळ बोलणारा होता. त्याने रॉड हातात घेतला, मुठीजवळचा आकडा वाचला आणि सांगितलं की लाइन, म्हणजे दोरी, याच आकड्याची घ्यायची. फ्लाय फिशिंगमध्ये वजन गळाला नसतं, लाइनला असतं. लाइनच हवेतून जाते आणि फ्लायला मागे ओढत नेते. पाइकचा फ्लाय भिजला की ओल्या मांजरासारखा जड होतो, तेव्हा पुढच्या टोकाला जाड आणि जड असलेली लाइन घ्या, असं त्याने सुचवलं. मग तरंगणारी हवी की हळूहळू बुडणारी, हे विचारलं. सुखदेवांनी खिशातून कागद काढला. दोन दिवस व्हिडिओ बघून त्यांनी टिपणं केली होती. काठालगत, गवताशेजारी टाकायचं असेल तर तरंगणारी. त्यांनी तरंगणारी घेतली. इथपर्यंत सगळं रीतसर झालं.

मग लीडर आला. रंगीत जाड लाइन आणि फ्लाय यांच्यामध्ये जो पारदर्शक धागा असतो, तो लीडर. पाइकसाठी त्याच्याही पुढे, थेट फ्लायला, वीत-दीडवीत पोलादी तार जोडतात. दुकानदाराने तारेचं भेंडोळं काउंटरवर ठेवलं. सुखदेवांनी तिचं टोक अंगठ्यावरून ओढून पाहिलं. बारीक, पीळदार, गार. मग कोणी बघत नाही असं पाहून त्यांनी ती स्वतःच्या खालच्या ओठावर दाबली. तिथली कातडी लगेच ताणली. ही त्या जिवाच्या तोंडात जाणार, जबड्याच्या कोपऱ्यात घासणार. त्यांनी भेंडोळं परत सरकवलं आणि काहीतरी मऊ दाखवा म्हणून सांगितलं.

"त्याला दात असतात," दुकानदार म्हणाला. "तारेशिवाय पाइक नाही."

तार नसेल तर काय होईल, असं सुखदेवांनी विचारलं. धागा कापला जाईल आणि मासा जाईल, असं उत्तर आलं. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक काहीतरी विचारायला आलं आणि दुकानदार तिकडे वळला.

मासा जाईल, हे ऐकून सुखदेवांना बरंच वाटलं. मासेमाऱ्याला मासा गमावण्याचं दुःख असणार. त्यांना ते नव्हतं. त्यांची सगळी नोकरी लंडन अंडरग्राउंडच्या सिग्नल देखभालीत गेली होती, आणि तिथलं पहिलं तत्त्व त्यांच्या रक्तात भिनलं होतं: काहीही बिघडलं तरी ते सुरक्षित बाजूला बिघडलं पाहिजे. सिग्नलची तार तुटली की दिवा लाल होतो, गाडी थांबते, कोणाला इजा होत नाही. नव्या पोरांना ते पहिल्याच दिवशी हे शिकवत. तेव्हा जो धागा तुटतो तो माशाच्या दृष्टीने चांगला, जो तुटत नाही तो वाईट, हा हिशेब त्यांनी उभ्या उभ्या केला. पाइक खेचेल, धागा तुटेल, पाइक सुटेल. शीलही मोडणार नाही. त्यांनी साधा, मऊ, पाण्यात न दिसणारा धागा घेतला आणि तारेचं भेंडोळं तिथेच सोडून बाहेर पडले. गाडीत बसल्यावर पिन परत कॉलरला लावली.

संध्याकाळी त्यांनी डायनिंग टेबलवर सगळं मांडून रॉडच्या रिळावर नवी लाइन गुंडाळली. लाइनला लीडर जोडला, लीडरच्या टोकाला विक्रांतच्या डब्यातला एक काळा-नारिंगी फ्लाय बांधला. गाठी त्यांना छान जमल्या. मग रॉड वर नेऊन दाराशेजारी भिंतीला टेकवला, उरलेल्या धाग्याचं रीळ खाली ठेवलं आणि दाराला म्हणाले की तुझा रॉड तयार केलाय, बघ जरा. आतून उत्तर आलं नाही.

चंदाबाई ताट घेऊन वर आल्या आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थबकल्या. ताट त्यांनी तिथेच खाली ठेवलं. धाग्याचं रीळ उचललं आणि दोन्ही हात पसरून वावभर धागा ओढून पाहिला. तुटेना. तशाच त्या नवऱ्याला हाताला धरून खाली स्वयंपाकघरात घेऊन आल्या.

"अहो, मी घरातल्या ओढण्यासुद्धा माझ्या उशीखाली घेऊन झोपते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आणि तुम्ही ही दोरी त्याच्या दाराशी ठेवून आलात?"

 आपण कडी काढली ती कशाच्या भीतीने, हे सुखदेवांनी आजवर मनातल्या मनातही म्हटलं नव्हतं. बायकोने ते उशीखालच्या ओढण्यांसकट बोलून दाखवलं. त्यांनी वर जाऊन रॉड उचलला, रीळ उचललं आणि गाडीच्या डिकीत ठेवून डिकीला कुलूप लावलं. तिथेच थंडीत बराच वेळ उभे राहिले. शेजारचा माणूस कुत्रा घेऊन जाताना गुड इव्हनिंग म्हणाला, तर त्यांना उत्तर द्यायचं भान राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं की पोरगा पाण्यापर्यंत येत नाही तर पाणी त्याच्यापर्यंत न्यायचं. तळ्यावर जाऊ, रॉड धरलेला फोटो काढू, त्याला पाठवू. तो फोन अजून बघत होता, रात्री दाराखालच्या फटीतून त्याचा निळा उजेड दिसायचा. मासेमारीचं सरकारी लायसन्स त्यांनी ऑनलाइन काढलं आणि डेनहॅमकडच्या एका तळ्याचा दिवसाचा परवानाही घेतला. तिकडे जुन्या खडीच्या खाणी पाण्याने भरून तळी झाली आहेत. नियमाबाहेर जाऊन काही करायचं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

नोव्हेंबरची दुपार होती. पाणी शिशासारखं, काठाला वाळक्या बोरूचं उंच गवत, झाडांवर पान उरलेलं नाही. पलीकडच्या काठाला हिरव्या टोपीतली एक बाई स्टुलावर बसून मासे धरत होती, तेवढीच सोबत. सुखदेवांनी फोटो काढला. पण त्यात नुसता एक म्हातारा काठी धरून उभा होता, सीझन संपल्यावर चौपाटीवर उभा असावा तसा. हा फोटो बघून कोण उठेल? लाइन निदान पाण्यात हवी, म्हणून त्यांनी ती टाकायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा ती त्यांच्याच खांद्यावर पडली, मग मागच्या झुडपात अडकली. शेवटी त्यांनी नाद सोडला आणि हाताने चार-पाच वाव लाइन बोरूच्या कडेला भिरकावली. काळा-नारिंगी फ्लाय पाण्यात पसरला आणि जिवंत झाल्यासारखा हलू लागला. ते फोन सरळ करतच होते.

पाणी एकदम फुगलं. आवाज असा काही झालाच नाही, बोरूच्या बुडातून एक हिरवी सावली सुटली, पांढरं तोंड उघडलं आणि फ्लाय नाहीसा झाला. रॉड त्यांच्या हातात अर्धा वाकला. त्या एका क्षणात सुखदेवांच्या अंगातून असं काही सळसळत गेलं की ते शील विसरले, दार विसरले, आपलं वय विसरले. त्यांनी दोन्ही हातांनी रॉड धरला. पलीकडे एक जीव होता, संतापलेला, पूर्ण ताकदीचा, आणि तो त्यांना ओढत होता. हे पोरगा अनुभवायचा, हा विचार त्यांना आला. हे त्याला इतकं आवडायचं आणि आपण कधी एकदाही बघायला आलो नाही.

मग ओढ संपली. तुटल्याचा झटकाही बसला नाही. लाइन नुसती सैल झाली. त्यांनी ती गोळा केली तेव्हा लीडरचं टोक ब्लेडने छाटल्यासारखं स्वच्छ होतं.

सुटला, असं ते मोठ्याने म्हणाले. त्यांना खरोखर आनंद झाला. ठरवलं तसंच झालं होतं.

हिरव्या टोपीतली बाई जाळं घेऊन तळ्याला वळसा घालून मदतीला आली. धाप लागली होती तिला. पाइकच होता का, मोठा होता का, असं उत्साहाने विचारत तिने लाइनचं टोक हातात घेऊन पाहिलं. तार कुठे आहे, तिने विचारलं. सुखदेवांनी सांगितलं की नव्हती लावली, मुद्दाम. बाईने त्यांच्याकडे पाहिलं. रागवावं की नाही हे तिला ठरवता येत नसावं. मग तिने जाळं खाली ठेवून शांतपणे समजावलं. एवढा स्वच्छ कापला म्हणजे फ्लाय दातांच्या मागे, घशाशी गेला. आता तो तिथेच राहणार. हुक मोठा, धागा तोंडातून लोंबतोय. कधी पडतो, कधी पडत नाही. नाही पडला तर त्याला धड तोंड मिटता येत नाही, खाता येत नाही. मरायला बरेच दिवस लागतात. तार लावतात ती मासा आपल्याला मिळावा म्हणून नाही. मासा काठावर यावा आणि हुक आपल्या हाताने काढता यावा म्हणून.

एवढं बोलून ती गेली. जाताना वाईट वाटून घेऊ नका, असंही म्हणाली.

सुखदेव अंधारून येईपर्यंत बोरूच्या कडेने फेऱ्या घालत राहिले. बूट चिखलात रुतले, पँट घोट्यापर्यंत भिजली. एकदा गुडघ्यावर बसून त्यांनी पाण्यात हात घातला, जणू तो हाताला लागणार होता. ओठावर तार दाबून पाहणारा माणूस, आणि त्याने एका जिवाच्या घशात लोखंड ठेवून दिलं. तेही दयाळूपणा म्हणून. पाण्यातला तो मासा आणि वरच्या खोलीतला मुलगा यांची त्यांच्या डोक्यात सरमिसळ होऊ लागली. दोघांनाही त्यांनी सुटला असं समजून सोडून दिलं होतं. ब्रिस्टलला नोकरी लागली, स्वतंत्र झाला, आता फोनवर हवेबद्दल बोललं तरी चालतं, असं समजून.

घरी आले तेव्हा चंदाबाई दारातच होत्या. चिखलाने भरलेल्या नवऱ्याला पाहून त्या काही विचारणार तोच ते बुटांसकट जिना चढले. आजवर या घरात कोणी बुटांसकट जिना चढलं नव्हतं. विक्रांतच्या दाराबाहेर ते कार्पेटवर बसले. 

"विक्रांत," ते दाराला म्हणाले, "माझ्या हातून एक पाइक मरणार आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. बोरू, हिरवी सावली, सैल पडलेली लाइन, बाईने काय सांगितलं ते. सांगताना ते थांबत होते, परत सुरू करत होते. मुलाला उठवायचं हे त्यांच्या डोक्यातून केव्हाच गेलं होतं. या घरात पाइकबद्दल काही कळणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ते त्याला सांगत होते. खाली जिन्याच्या टोकाशी चंदाबाई कठडा धरून उभ्या होत्या.

आत पलंग करकरला.

"काय लावला होता?" आवाज खरखरीत होता, गंजल्यासारखा. "Trace, वायरचा तुकडा, काय होता?"

"तार नव्हती. साधा लीडर होता."

दार उघडलं. कोंडलेल्या हवेचा वास आला. दाढी वाढलेली, टी-शर्ट खांद्यावरून लोंबणारा, डोळे उजेडाने मिचकावणारे. किती बारीक झालाय हे सुखदेवांना तेव्हा कळलं.

"तुम्ही पाइकला वायर नाही लावला?" विक्रांत म्हणाला. "बाबा, that's the one thing. तेच तर एक करायचा असतो. का नाही लावला?"

"त्याच्या तोंडाला लागेल म्हणून." सुखदेव मान वर करून त्याच्याकडे बघत होते. "मला वाटलं, धागा तुटला की तो सुटेल."

विक्रांत चौकटीला टेकला. त्याने वडिलांच्या चिखलाच्या बुटांकडे पाहिलं.

"सुटत नाही, बाबा," तो म्हणाला. "तुटला की मग तो एकटा असतो. हुक आत. आणि काढायला कोणी नाही."

सुखदेवांनी कार्पेटवर हात टेकला आणि ते रडायला लागले. मुलाने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.  तो हळूच खाली बसला, समोर नाही, शेजारी, चौकटीच्या आतल्या बाजूला. काही वेळाने त्याने फ्लाय कुठला होता ते विचारलं. काळा-नारिंगी, तुझ्याच डब्यातला, असं सुखदेवांनी सांगितलं.

"माझ्या बॉक्समधला? Sure?"

"तुझ्याच."

"मग त्याला बार्ब नाही." हुकाच्या टोकाशी उलटा काटा असतो, तो मांसात धरून ठेवतो. विक्रांतने बोटाच्या नखाने हवेत तो काटा दाबून दाखवला. "सगळ्यांचे मी pliers ने चपटे केले. तो पडू शकतो. Might. मे बी नाही पण."

कधी केलेस, असं सुखदेवांनी विचारलं.

"तुम्ही ते बोलला ना, जेवताना. त्याच weekend ला."

 इतकी वर्षं डबा गराजमध्ये पडून होता. सुखदेवांनी तो कधी उघडून बघितला असता तर दिसलं असतं.

त्या संध्याकाळी विक्रांत स्वयंपाकघरात येऊन बसला. गराजमधल्या जुन्या पिशवीत त्याला तारेचा एक तुकडा आणि पक्कड मिळाली. चंदाबाईंचं पिठाकडे लक्ष नव्हतं. त्याच्या हातातल्या तारेवरून त्यांची नजर हलत नव्हती. पण त्यांनी ती काढून घेतली नाही. तारेचं टोक छोट्या क्लिपच्या वेढ्यात काही केल्या जाईना. तो वैतागून दोनदा पक्कड आपटून उठायला गेला. तिसऱ्यांदा सुखदेवांनी न विचारता टोक धरून ठेवलं आणि त्याने पीळ दिला.  भाकरी तव्यावर करपली. अर्धी खाऊन तो वर गेला. दार मात्र पूर्ण लावलं नाही.

सकाळी सुखदेवांनी फ्लास्क भरला, पाइक सापडला तर हुक काढता यावा म्हणून लांब चिमटा आणि जाळं घेतलं. विक्रांत येईल ही आशा त्यांनी धरली नव्हती. गाडी सुरू केल्यावर पायजम्यावर जाडा कोट चढवून तो बाहेर आला आणि बाजूला बसला. वाटेत त्याने खिडकीला डोकं टेकवलं होतं.

तळ्याशी गाडी थांबली. सुखदेव उतरले, सामान काढलं. विक्रांत हलला नाही. त्याने डॅशबोर्डवर दोन्ही हात ठेवले होते आणि तो समोरच्या काचेतून बघत होता. त्याच्या श्वासाने काचेवर धुकं धरत होतं. सुखदेवांनी त्याच्याकडे पाहिलं. शाळेच्या कार पार्कमध्येही तो असाच बसला असणार. ये म्हणावं असं जिभेवर आलं होतं. ते म्हणाले नाहीत. काचेवर नुसती दोन बोटं टेकवून ते पाण्याकडे चालू लागले.

बोरूपाशी जाऊन त्यांनी वाकून पाहिलं. पाणी गढूळ, शांत. एखादा मेलेला मासा पांढरं पोट वर करून दिसेल या भीतीने त्यांना धड बघवत नव्हतं, आणि दिसला नाही तर घशात हुक घेऊन कुठे बसला असेल या विचाराने नजर काढवत नव्हती. ते काठाकाठाने पुढे सरकत राहिले. दिसत काहीच नव्हतं. मागे गाडी तशीच उभी होती. तिकडे वळून बघायचं नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं, आणि दर चार पावलांनी मान वळत होती.

काठाच्या टोकाला पोचून ते परत फिरले. आता काय करायचं हे त्यांना माहीत नव्हतं. चिमटा हातात धरून ते नुसते उभे राहिले.

मागे गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. ते दार पुन्हा लागतंय का हे ऐकत सुखदेव श्वास रोखून पाण्याकडे बघत राहिले. शेवटी वाळक्या पानांवर पावलं वाजली. थांबत, अडखळत, परत वाजत ती अगदी पाठीशी आली.

"बाबा," विक्रांत चिडक्या, बसलेल्या आवाजात म्हणाला, "इतका काठावर नका उभे राहू. तुम्हाला बघून तो आत जातो. मागे व्हा."

सुखदेव मागे झाले.